गोल सह्या

इतवारीतल्या आम्हा हमालांच्या संघटनेत अर्जावर गोल सह्या करायची रीत आहे. पहिला कोण, ते शेठला कळू नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी पोत्याचं वजन कमी करा, असा अर्ज आम्ही दिला. शेठनं मला एकट्यालाच आत बोलावलं.

"सुरुवात कोणं केली? सांग, नाही तं उद्यापासून तूच येऊ नको."

मी अर्जावरच्या सह्यांमधल्या एका अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या अंगठेवाल्याचं काम सुटलं. संध्याकाळी तो माझ्या घरी आला. "कोणं सांगतलं असन गा? तुयं तं नाव नाही ना आलं?"

"नाही."

"बरं झालं. मले तुयाच घोर होता."

त्या गोलात पहिली सही माझी होती. त्याला मी ते अजून सांगितलेलं नाही.