देवीपुढं वैशू बोलली

वैशू एकोणिसाव्या वर्षी बोलायची बंद झाली. जन्मताच तिच्या मेंदूला मार बसलेला. हातपाय आखडलेले, बोलणं अडखळत, पण जीभ माझ्यासारखीच तिखट. तीच पोरगी दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडली. भाकर पुढं केली की मान फिरवायची. एकदाच म्हणाली, "माय, मी मेली त बरं होईन." खोटं कशाला बोलू, तेव्हा देवीवरचाही माझा विश्वास डळमळला.

ती पाच वर्षांची असल्यापासून दर पौषात मी तामसीजवळच्या आमच्या देवीला चांदीचे इवलेसे पाय वाहत आले. आमच्याकडं ज्याचं जे दुखतं, ते चांदीचं करून देवीला देतात, आणि नवस चारचौघांत मोठ्यानं बोलतात. मीही पोरीला पुढ्यात घेऊन सांगायचे, "माय, इले चालती कर, नाई त इचं कसं होईन?" बायका चुकचुकायच्या, पदर डोळ्यांना लावायच्या. माझा नवस जोरात आहे असं मला वाटायचं.

यंदा तिला जबरदस्तीनंच नेलं. चाकाची खुर्ची ढकलता ढकलता माझी बडबड चालूच होती. रांगेत आमच्यामागं कुबड्या घेतलेली एक बाई होती, मंचेरियलकडची, बोली तेलुगू, मराठी मोडकंतोडकं. आदिलाबादच्या दवाखान्यात ती अशाच पोरापोरींच्या मनाचं दुखणं ऐकायला बसते, हे मला मागाहून कळलं. माझा नवस बोलून झाला, तशी ती कशीबशी वैशूच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "आईनं मागलं. तुला काय पाहिजे?"

चौदा वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. वैशूचे ओठ हलायला लागले, तसं सवयीनं मीच उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाईनं माझं मनगट धरलं. मागचे लोक कुरकुरू लागले, "काऊन थांबल्या हो?" बाई हलली नाही.

वैशू म्हणाली, "माय दरसाल... देवीले सांगते... मी अशी नको."

अगं बाई! मी मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखी रडले.

आता दर गुरुवारी आम्ही बसनं आदिलाबादला, त्या बाईच्याच दवाखान्यात जातो. डॉक्टरांनी उदासीच्या आजाराची गोळी दिली आहे. वैशूसारखी पाच-सहा तरणी मुलं एका खोलीत बसून बोलतात, आयांना बाहेर ठेवतात. मला ते फार जड जातं. पोरगी जेवते, माझ्याशी कडाकडा भांडते. एखाद्या दिवशी अजूनही भिंतीकडे वळते, तेव्हा मी नुसती जवळ बसून राहते. ती बाई देवीनं धाडली की सहज रांगेत उभी होती, मला ठाऊक नाही. मी देवीला हुकूम सोडत होते आणि त्यालाच भक्ती म्हणत होते, एवढं मात्र कळलं. माझी पोर मला परत मिळाली, देवी माये, तुझे उपकार कसे फेडू?

परवा पुन्हा दर्शनाला गेलो. गाभाऱ्यापुढं मी हात जोडले, तोच वैशू म्हणाली, "माय, तू भायेर बस. माह्यं मले बोलू दे."

मी चपलांपाशी जाऊन बसले. ती बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते मी अजून विचारलेलं नाही.