उतार पाहून उभा राहणारा ट्रक

गाडी चालू झाली नाही की तुम्ही आधी कोणावर संशय घेता? गाडीवर, की ती चालवणाऱ्यावर?

बबनभाऊंनी ड्रायव्हरवर घेतला होता. शेलूबाजारला माझ्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर त्यांचा दहाचाकी ट्रक बंद पडून होता आणि ते ड्रायव्हर शालिकराम काकांना चारचौघांत सुनावत होते. बॅटऱ्या नव्या टाकल्या. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, तोही नवा बसवला. तरी गाडी धक्क्याशिवाय चालू होत नाही, म्हणजे दोष काकांच्या हाताचा. सोमवारपासून ट्रक सोयाबीनच्या प्लँटवर लागणार होता. तिथलं आवार परातीसारखं सपाट, आणि धक्क्याची गाडी गेटमधून आत घेत नाहीत. आज निकाल लागला नाही तर सोमवारी दुसरा ड्रायव्हर. काका त्यांच्याकडे बावीस वर्षं होते.

गेले कित्येक महिने काका उतारावर जगत होते. ट्रक उतारावर लावायचा, सोडायचा, वेग आला की गिअर टाकायचा. चहा उतारावरच्या टपरीचा. जऊळक्याच्या एका हॉटेलची भजी त्यांना फार आवडायची, पण जागा सपाट, म्हणून भजी सुटली. लेकीसाठी स्थळ पाहायला ट्रकनंच गेले. मुलगा पसंत पडला. निघताना मुलाकडच्या वीस-पंचवीस माणसांनी पांढऱ्या कपड्यांत ट्रकला धक्का मारला. सोयरीक तरीही जमली.

ऐकून मी पोट धरून हसलो. मग रागही आला. इंजिन बंद असताना एवढं धूड उतारावरून सोडायचं, तेव्हा स्टिअरिंग जड आणि ब्रेकचा भरवसा नाही. माणसाचा जीव काय रस्त्यावर पडलाय?

मी चावी फिरवली. टक्. बस, एवढंच. पण लाइट लख्ख. हॉर्न असा वाजला की समोरच्या ओट्यावरचं कुत्रं दचकून उठलं. मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्टच्या वर. वीज आहे, पण सेल्फपर्यंत तिचा जोर पोचत नाही.

काकांना विचारलं, “काका, उतार कवापासून पाहून राह्यले तुमी?”

“गाडीले रंग देला तवापासून.” काका मालकाकडे न पाहता म्हणाले, “आन् चावी मारली का ॲक्सिलरेटरची केबल पायाले गरम लागते. मालकाले सांगतलं होतं.”

“मंग?”

“म्हणे, पाय काढून घे.”

मला तिथेच नाचावंसं वाटलं. वीज बॅटरीतून सेल्फकडे जाते, पण तिला परतही यावं लागतं. परतीचा रस्ता म्हणजे इंजिनापासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, बसवलेली जाड पट्टी. तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. हमरस्ता बंद झाला की गर्दी बोळात घुसते. तशी ही वीज बिचाऱ्या बारक्या केबलमधून वाट काढत होती. केबल तापणार नाही तर काय?

चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रल आहे ना पाहिलं. जाड जंपर वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाला, म्हणजे विजेला परतीचा तात्पुरता रस्ता.

“मारा काका.”

पहिल्याच फेऱ्यात इंजिन धडधडलं. काकांनी लगेच बंद केलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. जमलेली माणसं मोजायला लागली. अकराव्या वेळी बबनभाऊ म्हणाले, “पुरे, डिझल जळून राह्यलं.” आणि बाराव्या वेळी स्वतःच केबिनमध्ये चढले.

मी खाली शिरलो. पट्टीच्या बोल्टखाली नारिंगी रंगाचा जाड थर. रंगाऱ्यानं पट्टी खोलली होती, जीव लावून चासी रंगवली होती आणि रंगावरच बोल्ट परत कसला होता. रंगातून वीज जात नाही. मी पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं आणि बोल्ट आवळला. जंपर काढला. ट्रक आपल्या दमावर चालू झाला.

बबनभाऊंनी आता रंगाऱ्याचा उद्धार सुरू केला. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा काकांनी त्यांना मध्येच तोडलं.

“मालक, चासीचा एक इंच कोरा ठेवू नको, हे त्याले तुमीच सांगतलं होतं.”

बबनभाऊंनी चावी काकांच्या हातात दिली. मग म्हणाले, “सोमवारी सात वाजता निंघ. लेट करू नको.”

सोमवारी काका वेळेवर निघाले. वाटेत जऊळक्याला सपाटीवर ट्रक उभा केला, इंजिन बंद केलं आणि दोन प्लेट भजी खाल्ली. हे त्यांनी मला फोन करून कळवलं.

दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ उगाच बदलले गेले, आणि सगळं उत्तर चालवणाऱ्याच्या पायाला आधीच लागलं होतं. म्हणून तुम्हाला एकच मागणं. तुमची गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर नवा पार्ट आणण्याआधी त्याला विचारा, “कवापासून? आन् तुले काय जाणवलं?” उत्तर पुरं होईपर्यंत तोंड उघडू नका.