व्याह्यांच्या हातची तंबाखू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मायला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाहीत — एवढंच.

आमचं गाव पेडगावकडचं. दिवाळी झाली की आबा आणि माय कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, मी चुलत्याकडं राहून शाळा करायचो. फडात पहाटे उपाशीपोटी उतरावं लागतं. भूक मारायला आबा आधी बिडी ओढायचे, मग दाढेखाली तंबाखू धरायचे, ती दुपारची भाकर येईपर्यंत. थंडीत दारूही व्हायची. माय मिश्री लावायची. आमच्या लेखी यातली बिडी आणि दारू तेवढी व्यसनं. तंबाखू म्हणजे कामाचं सामान, कोयत्यासारखं. त्याच कोयत्यावर मी शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेज केलेला पहिला माणूस मी — हे आजही मान वर करून सांगतो. तेच नडलं का? की उगाच शिक्षणावर ढकलतोय?

आबांचा आवाज बसला. घशाचा कॅन्सर निघाला. शहरातल्या दवाखान्यात गळ्याला किरणांचा शेक दिला आणि गाठ गेली. खरंच गेली. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेतलं. तुम्ही शिकलेले आहात, घरच्यांना नीट समजवा, म्हणाले. मग स्वच्छ मराठीत सांगितलं — हा आजार बरा झालाय. पण तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुसं, सगळं आतून इतकी वर्षं त्याच तंबाखूत आणि दारूत मुरलेलं आहे. तिथं दुसरा, अगदी नवा कॅन्सर उठू शकतो. बिडी असो, तंबाखू असो, मिश्री असो, दारू असो, काहीही चालू राहिलं तर धोका वाढतो. शेक दिलेल्या जागेवरही पुढं लक्ष ठेवावं लागतं. तपासणी चुकवायची नाही.

शब्दन् शब्द कळला मला. कळलं नव्हतं म्हणायची सोयच नाही.

परतताना देवगाव फाट्यावर चहाला थांबलो. आबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "काय म्हणला रं सायेब?" मी म्हणालो, साफ बरे झालात. त्यांनी ते लगेच चहावाल्यालाही सांगितलं.

का म्हणालो असं? माझं जिंतूरच्या एका घरात लग्न ठरत आलं होतं. 'दुसराही उठू शकतो' हे त्या घराच्या कानावर जाऊ देणार होतो का मी? वाटलं, लग्न होऊन जाऊ दे. मग सांगू.

मायनं दर्ग्याला नवस बोलला होता. बोकड कापून कंदुरी केली, जिंतूरचे पाहुणे मानानं बोलावले. जेवणं झाली. माझे होणारे सासरे आबांच्या मांडीला मांडी लावून बसले, चंची सोडली, तंबाखूला चुना लावून मळली आणि तळहात आबांपुढं धरला. आमच्याकडं व्याह्याच्या हातची तंबाखू परत करत नाहीत. परत केली तर सोयरीक नको, असा अर्थ निघतो.

आबांनी हात पुढं केला नाही. माझ्याकडं पाहिलं.

"पोराकडं काय बघायलाव?" सासरे हसले. "मघाशी घास बी इचारूनच गिळला का काय?"

सगळी बैठक हसली.

"माझं पोरगं डाक्टरशी बोललंय," आबा म्हणाले. "ते म्हणंल तसं." केवढा अभिमान होता त्या बसक्या आवाजात!

आणि मी म्हणालो, "घ्या की आबा. बिडी थोडीच हाय ती."

लग्न झालं. मग सांगितलं का? नाही. आधी नवी नवलाई, मग बायकोचं बाळंतपण, मग — मग काय, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही, हा प्रश्न आला असता. तपासणीच्या तारखाही मीच टाळल्या. बरा माणूस दवाखान्यात का, असं सासरी कुणी विचारू नये म्हणून. आबा बिनघोर चिमूट धरत राहिले. कुणी टोकलं तर म्हणायचे, पोराला इचारलंय.

मग त्यांचा घास अडकायला लागला. अन्ननलिका. डॉक्टर तेच होते. जुना परत आलेला नाही, हा नवा आहे, म्हणाले, आणि फार उशीर झालाय. मग माझ्याकडं वळले. "तंबाखू बंद होती ना? तुम्हाला मी सांगितलं होतं."

तंबाखू बंद करा असं मला सांगितलं होतं, हे आबा पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग डॉक्टरांकडं तोंड करून म्हणाले, "पोरानं लय सांगितलं सायेब. म्याच चोरून खात होतो."

मी काय केलं? मान खाली घातली — बापाच्या व्यसनापुढं हरलेला शिकलेला मुलगा दिसावा तशी. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

मायलाही आबांनी तेच सांगितलं, 'पोराला इचारलंय' म्हणायचो ते खोटं होतं म्हणून. माझ्याशी मात्र जाईपर्यंत या गोष्टीवर एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी तर पाणीही उतरत नव्हतं. माय अजून म्हणते, तुझं ऐकलं असतं तर जगले असते. मी ऐकून घेतो. ती अजून मिश्री लावते. नको लावू म्हणायला माझं तोंड उघडत नाही.

सासरे सणावाराला येतात, आबांची आठवण काढत चंची सोडतात.

ज्यासाठी केलं ते मिळालं. सोयरीक मोडली नाही.