मोडक्या शेंड्याचं झाड

साल दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, अन् डोकं आजच्यासारखंच लवकर तापायचं.

एप्रिलची दुपार, घरात कूलर सुरू, अन् स्टील प्लांटजवळच्या कोहक्यातल्या आमच्या गल्लीवर गारा पडल्या. फागुनात थोड्याफार गारा मी गावाकडं पाहिल्या होत्या. पण भर उन्हाळ्यात, लिंबाएवढ्या? बायकोनं गावच्या रीतीनं लोखंडी तवा अंगणात उलटा फेकला. त्यानं गारा थांबतात म्हणे. तवा टणाटण वाजत राहिला, थांबलं काहीच नाही.

दारात आमचं ख्रिसमस ट्री होतं. प्लांटमधून रिटायर होऊन घर बांधलं तेव्हा नर्सरीतून हातभर रोप आणलं होतं, ते गच्चीच्या वर गेलं होतं. आडव्या फांद्यांचे थर, अन् टोकाला सरळ शेंडा. वारा सुटला अन् तो शेंडा वरच्या चार थरांसकट कडकन मोडून दारासमोर पडला. अंगणभर हिरवा चुरा, राळेचा वास.

बाहेर आलो तर गल्लीतले लोक भांड्यात गारा भरून फोटो काढून राहिले होते. "काका, कश्मीर हो गया!" एक पोरगा ओरडला. समोरच्या घरचा बाबू, प्लांटच्या ऑफिसातून रिटायर झालेला, सरबताचा गिलास घेऊन उभा. त्यात गार टाकलेली.

"घ्या भाऊ, फुकटचा बरफ."

"तुमच्या गाडीची काच फुटली असती, तरी फुकटचा म्हटलं असतं का?"

"आता त्याले कोण काय करन? देवाची मर्जी. अन् हे झाड काटूनच टाका. बिनशेंड्याचं बरं नाही दिसत."

रागात मीही तेच ठरवलं. आरीवाल्याला फोन लावला, उद्या सकाळीच ये म्हटलं. तसलं झाड रोज पाहणं माझ्यानं होणार नव्हतं.

संध्याकाळी जेवायला बसलो. नात रायपूरच्या कॉलेजातून सुटीवर आली होती. तिनं मोबाईल माझ्या ताटाजवळ धरला.

"आबाजी, हे पाहा."

परदेशातलं जंगल. चीड-देवदारासारखी झाडं, त्यांच्या सुईसुईवर काचेसारखा बर्फ, अन् बार उडावा तशी एकामागून एक मोडत होती.

"ही झाडं बरफातलीच आहेत," ती म्हणाली. "सूखा बरफ गिरता है तो फिसल जाता है. पण आता हिवाळ्यातही हवा गरम होते, तर बरफाच्या जागी पाऊस पडते, अन् झाडावरच गोठते. वजन नाही सोसत."

"अन् आपल्याकडं?"

"आपल्याकडंही मौसम बिघडूनच राहिला ना. कोयला जलता है, हवा तापते. तुमची भट्टीही त्यातच आली."

हातातला घास मी ताटात टाकला. "माझी भट्टी? कोळसा भाजायच्या कोक ओव्हनच्या माथ्यावर लाकडी तळाचे बूट घालून उभा राहिलो मी. रबराचे तर वितळत होते. त्या भट्टीवर तुझा बाप शिकला, तू शिकून राहिली, अन् मलेच सांगते?"

"मेहनतीले मी कुठं नाही म्हणून राहिली? पर धुआँ भी तो गया न ऊपर?"

"तुझी स्कूटी लोखंडाशिवाय झाली का?"

"नाही झाली. म्हणून माझाही हिस्सा आहेच."

"अवो," बायको म्हणाली, "गारा वरून पडल्या, अन् तुम्ही खालच्यावर काहून गरजून राहिले? भात थंडा झाला."

मी उठलो. सारी उमर त्या माथ्यावर काढली. उत्पादनाचा रेकॉर्ड झाला की साहेब लोक मिठाईचे डबे वाटायचे, टाळ्या आम्हीही वाजवायचो. पिवळा धूर छातीत घेऊन घरी येऊन खोकायचो. तो वर जाऊन काय करतो हे एकाही साहेबानं सांगितलं नाही, अन् ते तर शिकलेले होते! मी चौथी पास. मला वाटलं, वर गेला म्हणजे गेला. अन् आता हा बाबू गार चघळत देवाचं नाव पुढं करतो. कोळसा काय देवानं जाळला?

पोरीचं म्हणणं मी मानलं नाही. तिच्यासमोर आजही मानत नाही. पण त्या गारांत आमच्या धुराचा रतीभर जरी हात असला, तर मीच आरी बोलावून झाड नाहीसं करायचं, हे मारणाऱ्यानंच मुडदा उचलून नेण्यासारखं झालं असतं.

सकाळी आरीवाला आला. "बाबूजी, जड़ से?"

"नाही. वरचा फाटलेला भाग तेवढा साफ कर. बाकीच्याले हात लावू नको."

"बिना चोटी का है, अब सीधा नहीं बढ़ेगा."

"टेढा बढने दे."

समोरचा बाबू फाटकात आला. "काय भाऊ, काटत नाही का?"

"नाही काटत. रोज दार उघडलं की तुमालेही दिसलं पाहिजे," मी म्हटलं, अन् आरीवाल्याची शिडी धरायला गेलो.