आलापल्लीकडून उत्तर नाही

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी चंद्रपूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळत होतो. रक्तपेढीचा एक रिपोर्ट होता. बटण दाबलं की तो चिमूर, गडचिरोली, आलापल्ली या आमच्या केंद्रांना फोनच्या तारेवरून विचारायचा, या गटाच्या पिशव्या आत्ता किती? कालचा आकडा चालत नसे. रक्तपेढीच्या बाई म्हणायच्या, "काल होतं थे रक्त आज राहीनच असं नाई." खरंच होतं ते.

त्या उन्हाळ्यात सिकलसेलची एक मुलगी वॉर्डात होती. तिच्या गटाचं रक्त आमच्याकडे संपलेलं. तिचा बाप, धानाची शेती करणारा, माझ्या खिडकीशी उभा. रिपोर्ट लावला आणि पडद्यावरचं घड्याळ नुसतं फिरत राहिलं. मी बंद करून पुन्हा लावला, बाकीची कामं थांबवली, मशीनला शिव्या घातल्या. बाईंनी गडचिरोलीला फोन लावला, तर एंगेज. त्याच लाइनवर आमचा रिपोर्ट बसलाय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"भाऊ, मशीन काय म्हणून राह्यली?"

"थांबा जरा," मी खेकसलो. तो थांबला.

शेवटी रिपोर्ट बंद करून एकेका केंद्राला वेगळं विचारलं, तेव्हा कळलं. आलापल्ली गप्प होती. एकदा विजेनं मशीन जळाल्यापासून आभाळ गडगडलं की फोनची तार उपटून ठेवायची, अशी तिथली रीत. त्या दिवशी तिकडे गडगडत होतं, आमच्याकडे रखरखीत ऊन, सुचणार कसं? आणि रिपोर्टची घडण अशी, की सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय कुणाचंच दाखवायचा नाही, तोवर कुणाची लाइनही सोडायचा नाही. गडचिरोलीचं उत्तर केव्हाच येऊन पडलं होतं. दोन पिशव्या.

जीप धावली. पिशव्या आल्या तेव्हा मुलीची खाट रिकामी झाली होती.

पुढे मी रिपोर्ट बदलला. गप्प केंद्रासाठी थोडंच थांबायचं, त्याच्यापुढे 'उत्तर नाही' लिहायचं आणि बाकीचं दाखवून टाकायचं. काम एका दुपारचं. लोकांनी कौतुक केलं, ते मला ऐकवेना.

पावसाळा सरता सरता तोच बाप धाकट्या मुलाला घेऊन आला. त्यालाही तोच आजार. मी बटण दाबलं. आलापल्लीपुढे 'उत्तर नाही', चिमूरपुढे एक पिशवी. बाईंनी लगेच फोन केला.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. पिशवी निघते आता."

तो पडद्याकडे बघत राहिला.

"इतक्या लवकर होते हे? मंग माह्या पोरीच्या वक्ताले काऊन नाई झालं, भाऊ?"