तेल चांगलं होतं

मी सांगलीत ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासते. उंब्रजच्या पुढच्या एका उपकेंद्रातल्या साहेबांशी माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. नमुना घ्यायला गेले की ते खुर्चीसुद्धा द्यायचे नाहीत. मीही नमस्कार करायचं सोडून दिलं होतं.

त्या हिवाळ्यात दुरुस्तीनंतर तिथला मोठा ट्रान्सफॉर्मर पुन्हा चालू करायचा होता. त्याचं तेल मी आधीच तपासून पास केलं होतं. सकाळी हाडं गोठवणारी थंडी. वरिष्ठ पाहायला येणार, त्यांना सगळं जोरात चालू दिसावं म्हणून साहेबांनी तेल फिरवणारे चारही पंप एकदम लावले. शेवटचा एक नमुना घ्यायला मी ट्रान्सफॉर्मरच्या टाकीजवळ उभी होते. आतून टिक, टिक असा बारीक आवाज येत होता. गार तेल जोरात पळालं की आतल्या कागद-पुठ्ठ्याला घासून तिथं वीज साठत जाते, आणि ती साठलेली वीज शेवटी पुठ्ठाच जाळते. मी साहेबांना दोन पंप बंद करायला सांगितलं.

सगळ्यांदेखत ते म्हणाले, "बाई, तुमची बाटली भरा आणि निघा."

मी निघाले. खरं तर तिथंच कागदावर लिहून द्यायला हवं होतं, पण रागाच्या भरात ते राहिलं.

दुपारी ट्रान्सफॉर्मर चालू केला आणि तासाभरात आतून उडाला. साहेबांनी चौकशीत लिहून दिलं की तेल खराब होतं आणि मी ते चांगलं म्हणून पास केलं. आठ दिवस ऑफिसात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मी पास केलेला तो नमुना पुन्हा दोनदा तपासला. तेल चांगलंच होतं.

दुरुस्तीच्या कारखान्यात टाकी उघडणार होते, तिथं मी मुद्दाम गेले. साहेबही आले होते. पंपाचं तेल जिथून आत शिरतं, तिथल्या पुठ्ठ्यावर मुळं फुटावीत तशा करपलेल्या रेघा होत्या. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्यावरून बोट फिरवलं.

"आवं साहेब, ह्यो तेलाचा दोष न्हाई. तेल लय जोरात पळवलंया."

साहेब माझ्याकडे वळले. "झालं समाधान?"

"झालं," मी म्हटलं.

माझ्यावरचा ठपका निघाला. त्यांना एक नोटीस मिळाली, बस्स. माफी त्यांनी मागितली नाही. पुढं दोन वर्षं मी त्या उपकेंद्रात जात राहिले. जे काही बोलायचं ते आम्ही कागदावर लिहून बोललो. त्यांच्या निरोप समारंभाचं मला बोलावणं होतं. मी गेले नाही. घरचे म्हणतात, आता सोडून दे. मी सोडलेलं नाही.