रणगाड्याचा उजवा हात

पाठीवर फ्रिज घेऊन चार-चार मजले चढणाऱ्या त्या हमालाला तालमीत सगळे रणगाडा म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. पण अडीच महिन्यांपूर्वी सरावात एका किडकिडीत शिंप्याने त्याला साध्याशा डावात अडकवलं, चारचौघं हसले आणि रणगाड्याचं डोकं फिरलं. त्याने शिंप्याला उचलून आपटलं. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत ऐकू गेला.

तेव्हापासून तो कोपऱ्यात एकटाच बैठका मारायचा. हातावर पोट असलेल्या माणसाचा हातच मोडलास, असं बायको एकदाच म्हणाली होती. ते त्याच्या मनातून जात नव्हतं.

आज शिंपी परत आला. कुणाबरोबर खेळतोस, असं वस्तादांनी विचारल्यावर त्याने हनुवटीनेच रणगाड्याकडे खूण केली. बाकीच्यांनी आपापला सराव थांबवला.

रणगाड्याने त्याला धरलं ते काचेचं भांडं धरावं तसं. शिंपी त्याच्या कानाशी पुटपुटला, "लाड करून घ्यायला आलो नाही मी. नीट धर."

मग त्याने धरलं. शिंपी त्याच्या अंगाखाली दबला, कळवळला. आता थांबावं की काय, असं रणगाड्याला वाटतंय तोच शिंप्याची कंबर जराशी सरकली आणि तो खालून निसटला. बघता बघता रणगाड्याचा उजवा हात शिंप्याच्या मांड्यांमध्ये सरळ ताणला गेला. मनगट शिंप्याने छातीशी घट्ट धरलं होतं.

उठून याला हातासकट उचलता येईल, हे रणगाड्याला ठाऊक होतं. पाय तर आपोआप पोटाखाली गोळा झालेही होते. त्याने ते पुन्हा लांब केले.

कोपर जळायला लागलं. सुटायचं तर गादीवर दोन थापा मारून हार मानायची, एवढंच. त्याने मारल्या नाहीत. मोडू दे, देणं फिटेल तरी, असं मनात आलं.

शिंप्याला ते कळलं असावं. "थाप मार," तो म्हणाला. "मार ना रे. हे माझ्या माथी मारू नकोस."

रणगाड्याने थाप मारली.

हात सुटला. दोघं धापा टाकत बसून राहिले. हात अजून डोक्याच्या वर जात नाही, कापड बायकोच बेतते, असं शिंप्याने खांदा चोळत सांगितलं. रणगाड्याला माफी मागायची होती. त्याने भलतंच विचारलं, "सुटलास कसा?"

"तू जिकडे दाबलंस, तिकडेच गेलो."

शिंपी त्याच्या अंगावर बसला आणि सुटायचं कसं ते सावकाश दाखवू लागला. रणगाड्याला जमेना, दर वेळी दंडच आधी पुढे यायचे. शिंपी वैतागला, पण उठला नाही.

"पुन्हा," तो म्हणाला.